लिफीचं पाणी, नऊ हजार वर्षांचा करार आणि गिनेसबद्दलचा तो फॉरवर्ड

मार्च उजाडला, आयर्लंडचा सेंट पॅट्रिकचा सण जवळ आला की तिथल्या राजधानीच्या, डब्लिनच्या गिनेस बिअरवरचा तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. आता तो मराठी गटांतही येऊन पोहोचलाय. थोडक्यात तो असा: आर्थर गिनेसने १७५९ मध्ये नऊ हजार वर्षांचा करार केला, त्यामुळे ही ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, डब्लिन सोडूच शकत नाही. या बिअरला लिफी नदीचंच पाणी लागतं. अडीचशे वर्षांत तिची कृती बदललेली नाही. ती इतकी पौष्टिक, लोहाने भरलेली, की डॉक्टर गरोदर बायकांना देत. ती आयरिश स्वातंत्र्याचं पेय, म्हणून देशाने राजचिन्हाची हार्पही (हे तंतुवाद्य) तिच्यावरूनच घेतली. आणि खरी चव फक्त डब्लिनमध्ये.

सगळंच खोटं असतं तर दुर्लक्ष केलं असतं. पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून निवडत बसावं लागतंय.

करार खरा आहे. ३१ डिसेंबर १७५९ रोजी आर्थरने डब्लिनमधल्या सेंट जेम्स गेटची बंद पडलेली ब्रुअरी घेतली. चार एकर जागा, वर्षाला ४५ पौंड भाडं, मुदत नऊ हजार वर्षं. कराराची प्रत आज गिनेस स्टोअरहाउस या तिथल्या संग्रहालयाच्या जमिनीत काचेखाली बसवलेली आहे आणि पर्यटक तिच्यावर वाकून फोटो काढतात. कागद म्हणून मात्र त्याचं काम कधीच संपलं. धंदा वाढला तशी कंपनीने ती जागा विकतच घेतली, शेजारची घेतली, आवार पन्नास एकरांच्या पुढे गेलं. स्वतःच्या जागेचं भाडं कोण कोणाला देणार? शिवाय भाडेपट्टा भाडेकरूला राहू देतो, त्याला बांधून ठेवत नाही. १८८६ मध्ये कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात आले. १९३२ मध्ये मुख्यालय लंडनला गेलं. १९३६ मध्ये लंडनच्या पार्क रॉयल भागात मोठी ब्रुअरी सुरू झाली, ती थेट २००५ पर्यंत चालली. म्हणजे जवळपास सत्तर वर्षं कित्येक इंग्रज जी ‘आयरिश’ गिनेस पीत होते ती लंडनमध्येच बनत होती. १९९७ पासून ती डिआजिओ या दारू कंपनीची, आणि डिआजिओही लंडनचीच. २००८ मध्ये सेंट जेम्स गेटचं काम कमी करून शहराबाहेर नवी ब्रुअरी बांधायची योजना जाहीरही झाली होती. ती बारगळली आणि २०१४ मध्ये जुन्याच आवारात नवं ब्रूहाउस, म्हणजे बिअर शिजवायची इमारत, उभं राहिलं. जाणं काय, राहणं काय, दोन्ही खर्चाच्या हिशेबाने ठरलं.

लिफीचं प्रकरण लवकर आटपतं. ब्रुअरी नदीच्या काठाजवळ आहे, पण बिअरसाठी शहरातून वाहणारं लिफीचं पाणी वापरत नाहीत. सुरुवातीला ते नगरपालिकेच्या पाटाचं होतं, आणि त्यावरून आर्थरचं डब्लिन कॉर्पोरेशनशी चांगलंच वाजलं. आपल्याला कराराने पाणी फुकट मिळतं असं त्याचं म्हणणं, तर तो हक्कापेक्षा जास्त उचलतो असं कॉर्पोरेशनचं. १७७५ मध्ये पाणी तोडायला माणसं आली तेव्हा हा गृहस्थ कुदळ हिसकावून उभा राहिला. तडजोड व्हायला पुढची काही वर्षं गेली, आणि शेवटी पाण्याचे पैसे भरावे लागलेच. आज पाणी येतं ते विकलोच्या डोंगरांतून. लिफीचा उगमही त्याच डोंगरांत आहे, तेव्हा मजकूर लिहिणाऱ्याला हवं तर इतपत समाधान मानता येईल.

‘कृती बदलली नाही’ हे मात्र धडधडीत चूक, आणि ते चूक आहे म्हणूनच ही बिअर टिकली. १७५९ मध्ये आर्थर काळी बिअर करतच नव्हता, एल नावाची साधी, फिकट बिअर करत होता. पोर्टर ही काळपट बिअर लंडनची चीज. तिथल्या हमालांत ती लोकप्रिय होती आणि जहाजाने डब्लिनला येऊन स्थानिक एलचं गिऱ्हाईक पळवत होती. आर्थर ती १७७० च्या दशकात करू लागला आणि १७९९ मध्ये त्याने एल कायमची बंद केली. थोडक्यात, डब्लिनचं प्रतीक म्हणून मिरवणारी बिअर मुळात लंडनच्या मालाशी टक्कर द्यायला केलेला लंडनचाच प्रकार आहे.

तेव्हाची पोर्टरही आजच्यासारखी नव्हती. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, पार काळं होईपर्यंत भाजायचा डॅनियल व्हीलरचा ड्रम आला १८१७ मध्ये. त्याआधी पोर्टर तपकिरी असे. न मोड आलेली बार्ली भाजून घालणं, ज्याच्यामुळे आजचा कॉफीसारखा कडवटपणा येतो, ते तर विसाव्या शतकातलं. (काचेचा ग्लास उजेडासमोर धरलात तर आजही ती काळी नसून गडद माणकासारखी लाल दिसते.) फोटोंत दिसणारा तो पांढरा, सायीसारखा फेस १९५९ चा आहे. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या मायकल अॅश यांनी कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन वापरायची युक्ती बसवली. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक राहतात आणि फेस टिकतो. त्याआधी पबमध्ये दोन पिंपांतून, एक जुनी शांत बिअर आणि एक ताजी फेसाळ, असं दोनदा ओतून ग्लास भरत. दोन टप्प्यांत ओतायची पद्धत तिथून राहिली, ११९.५ सेकंदांचा मंत्र जाहिरातवाल्यांनी वर चढवला. कॅनमधल्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीतून नायट्रोजन सोडायची सोय १९८८ ची.

आणखी एक बदल शाकाहारी वाचकांच्या कामाचा. बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंगग्लास वापरत. आपल्या पालघरकडचे कोळी घोळीच्या पोटातली पिशवी वेगळी काढून सोन्याच्या भावाने विकतात, तिला ते भोत म्हणतात. त्याच जातीचा हा पदार्थ. गिनेसने तो गेल्या दशकात बंद केला. अडीचशे वर्षं जशीच्या तशी असलेल्या कृतीत एवढी उलथापालथ!

आता पौष्टिकपणा. या मुद्द्यावर मला खरंच राग येतो, कारण इथे कोणाचं तरी नुकसान होऊ शकतं. ‘गिनेस तब्येतीला चांगली’ या अर्थाची घोषणा १९२९ मधली, लंडनच्या बेन्सन एजन्सीने केलेली. कंपनीची ती पहिली मोठी जाहिरात मोहीम. मग जॉन गिलरॉयने काढलेला टूकन पक्षी आला, प्राणीसंग्रहालयातले बाकीचे प्राणी आले, आणि घोषणा लोकांच्या तोंडी बसली. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यावेत तितक्या सहज आयर्लंड-ब्रिटनमध्ये बाळंतिणींना आणि गरोदर बायकांना गिनेस सुचवली जाई, रक्तदात्यांनाही दिली जाई. पण ५६८ मिलिलिटरच्या एका पाइंटमध्ये लोह असतं ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. हिशेब तुम्हीच करा, पण पाइंट मोजू नका. गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं, एवढं वाक्य पुरेसं आहे.

गंमत म्हणजे ‘जेवणाइतकी जड’ हेही खरं नाही. ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के आणि पाइंटला सुमारे २१० कॅलरी. बऱ्याच लागर, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअर, कॅलरीत याहून जास्त भरतात. जड वाटते ती रंगामुळे आणि फेसामुळे. आणि ज्या देशाचं नाव घेऊन हे फॉरवर्ड येतं, त्या देशाने २०१८ मध्ये दारूच्या जाहिराती, किंमत आणि बाटलीवरचे इशारे यांबद्दल कडक कायदा केला. पंतप्रधान तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराडचे वंशज, लिओ वराडकर होते. मराठी गटांत फिरवायचंच असेल तर ते फिरवा.

स्वातंत्र्याचं पेय ही कल्पना सगळ्यात गोड, आणि इतिहासाला सगळ्यात कमी धरून. गिनेस घराणं प्रोटेस्टंट आणि ब्रिटिश राजवटीशी जोडलेलं राहू पाहणारं. आर्थर कॅथलिकांना हक्क मिळावेत या मताचा होता हे खरं, पण ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १७९८ च्या उठावात तो बंडखोरांच्या विरुद्ध होता. पुढच्या पिढ्या उघड युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहावं या मताच्या. १९१६ मध्ये स्वातंत्र्यासाठी झालेल्या ईस्टर उठावात ब्रिटिश सैन्याने गिनेसच्या मालमोटारींवर रेल्वे इंजिनाच्या लोखंडी टाक्या बसवून घाईघाईने चिलखती गाड्या बनवल्या आणि डब्लिनच्या रस्त्यांवर फिरवल्या. कंपनीत वरच्या जागांवर कॅथलिक माणूस दिसणं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुर्मीळच होतं. हार्पचं म्हणाल तर ती इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या नाण्यांवरही आहे. गिनेसने ती १८६२ मध्ये लेबलवर घेतली, १८७६ मध्ये ट्रेडमार्क करून टाकली, आणि १९२२ मध्ये नव्या आयरिश राज्याने चिन्ह ठरवलं तेव्हा गिनेसच्या हार्पचं तोंड एकीकडे म्हणून सरकारी हार्पचं तोंड दुसरीकडे करावं लागलं.

मग अशा घराण्याची बिअर कॅथलिक डब्लिनची ओळख कशी झाली? मजकुरात हा प्रश्नच नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. उत्तर पगारपत्रकात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही जगातली सर्वांत मोठी ब्रुअरी होती, आणि ती अशा शहरात, जिथे दुसरा मोठा कारखाना सांगायला दोन-चार नावंच निघत. पगार शहरातल्या दरापेक्षा चांगला, कामगाराला डॉक्टर, निवृत्तीवेतन, आणि तो गेला तर विधवेलाही पैसे. गिनेसमधला माणूस जिवंत असो की मेलेला, घराला पैसाच देतो, असं डब्लिनमधल्या लग्नाळू मुलींच्या आया म्हणत. डब्लिनच्या गरीब वस्त्या तेव्हा युरोपातल्या सर्वांत वाईट वस्त्यांत गणल्या जात. कंपनीचे डॉक्टर जॉन लम्सडेन १९०० मध्ये कामगारांच्या घरोघर फिरले आणि एका खोलीत किती जीव राहतात ते लिहून काढलं. १८९० मध्ये एडवर्ड सेसिल गिनेसने गरिबांच्या घरांसाठी अडीच लाख पौंड दिले (त्यातले दोन लाख लंडनला आणि पन्नास हजार डब्लिनला, हे फॉरवर्डवाल्यांनी लक्षात घ्यावं). त्याच्या भावाने सेंट स्टीफन्स ग्रीन ही बाग विकसित करून १८८० मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. हे उपकार होते, मालकाची हुशारीही होती, आणि वरची जागा कॅथलिकाला न देता खालच्याला खूश ठेवायची तजवीजही. शहराने ते सगळं घेतलं आणि बिअर आपली म्हटली.

याच कारखान्यात १८९९ मध्ये विल्यम गॉसेट रुजू झाला. बार्लीच्या दहा-बारा नमुन्यांवरून पिकाबद्दल किती खात्रीने बोलता येईल, हा त्याचा रोजचा प्रश्न. कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देईना, म्हणून १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध छापला. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ज्या टी-टेस्टची, म्हणजे थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायच्या पद्धतीची, गणितं सोडवली ती ही. डब्लिनने अभिमान मिरवायचाच तर इथे मिरवावा, असं माझं मत.

राहता राहिली चव. यात तथ्य आहे. चार संशोधकांनी १४ देशांतल्या ३३ शहरांत गिनेस पिऊन गुण दिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले: आयर्लंडमध्ये शंभरपैकी सरासरी ७४, बाहेर ५७. पण त्यावरून मातीचा किंवा नदीचा महिमा सिद्ध होत नाही. खप जास्त, म्हणून पिंप ताजं. नळ्या नियमित धुतलेल्या. ओतणाऱ्याचा हात बसलेला. पबमालकाने एवढं सांभाळलं तर कुठेही जमेल. आणि ‘खरी चव’ कोणती हे डब्लिनने ठरवायचं, हे जगाला मान्यच नाही. नायजेरियातल्या लागोसजवळच्या इकेजात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गिनेस बनते. डब्लिनहून घट्ट अर्क जातो, बाकी धान्य तिकडचं, त्यात ज्वारीही. अल्कोहोल ७.५ टक्के, चव गोडसर आणि तिखट. २००७ मध्ये नायजेरियाने खपात आयर्लंडला मागे टाकलं. ब्रिटनमध्ये राहणारे नायजेरियन लोक डब्लिनची बाटली शेल्फवर तशीच ठेवून आफ्रिकन दुकानातून लागोसची मागतात, आणि ती आता तिकडे रीतसर आयात होते.