‘सहा वर्षांच्या आत मोठे शब्द नकोत’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘मुलांना सहा वर्षांच्या आत मोठे शब्द शिकवू नका, मेंदूवर ताण येतो,’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली ‘बालतज्ज्ञांचा सल्ला’ असं लिहिलंय. तज्ज्ञाचं नाव मात्र कुठेच नाही. नेरूळच्या माझ्या बहिणीने तो वाचला आणि साडेतीन वर्षांच्या लेकीची चित्रांची पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज म्हणतो, लहान मेंदूत जागा कमी, मोठा शब्द आत गेला की साधा शब्द बाहेर पडतो. मेंदू म्हणजे काही लाडवांचा डबा नव्हे. माझ्या भाचीच्या एका पुस्तकात खाडीचं चित्र आहे: पाणी मागे गेलंय, चिखलात खेकडे, बाजूला खारफुटी, आणि खाली ‘ओहोटी लागली’. तिने चिखलावर बोट ठेवून विचारलं, ‘पाणी कुठे गेलं?’ आईने सांगितलं. मग आंघोळीच्या वेळी बादली रिकामी झाली की ही ओरडायची, ‘मम्मी, ओहोटी लागली!’ वापर थोडा चुकला, पण पाणी ओसरणं तिने बरोबर पकडलं होतं. आणि ‘पाणी’ हा शब्द काही ती विसरली नाही.

पुढचा मुद्दा वाचून मात्र संताप आला. म्हणे अशा पुस्तकांमुळे मूल उशिरा बोलतं; बोलत नसेल तर पुस्तकं बंद करा आणि सहाव्या वर्षापर्यंत वाट बघा. वाट बघा? दोन वर्षांचं मूल साधारण ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडून बोलतं. तसं होत नसेल तर आधी कान तपासायचे. कमी ऐकू येणारं मूल आपले चेहरे आणि हातवारे बघून घरात छान वावरतं, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. भाषा रुजण्याची हीच वर्षं असतात, ती वाट बघण्यात घालवली तर भरून काढणं अवघड जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून वाढीतल्या विलंबाचीही तपासणी होते, पथक अंगणवाडीत येतं. तिथे विचारा, नाहीतर थेट कानाच्या डॉक्टरांकडे जा.

पुस्तकांचं म्हणाल तर उलटच दिसलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ सालच्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं की नुसतं वाचून दाखवू नका, चित्राबद्दल विचारा आणि मूल जे म्हणेल त्यात भर घालून परत बोला. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली.

‘घरचं बोलणं आणि कार्टून पुरे’ हा तिसरा दावा. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स या अमेरिकन संशोधकांनी १९८८ मध्येच याचा हिशोब मांडला आहे. दर हजार शब्दांमागे कमी वापरातले शब्द किती? शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांच्या पुस्तकांत १६.३, पदवीधर मोठ्यांच्या आपसातल्या गप्पांत १७.३, आणि ‘सेसमी स्ट्रीट’ आणि ‘मिस्टर रॉजर्स’ या लहान मुलांच्या नावाजलेल्या टीव्ही कार्यक्रमांत फक्त २. म्हणजे पिटुकल्या पुस्तकातली भाषा जवळजवळ शिकलेल्या मोठ्यांच्या गप्पांच्या तोडीची! आकडे इंग्रजीचे आहेत, पण आपल्याकडे तरी काय वेगळं घडतं? दिवसभर आपण मुलांशी ‘जेव’, ‘चप्पल घाल’, ‘पसारा आवर’ एवढंच बोलतो. ओहोटी, घरटं, वारूळ त्यात येणार कुठून?

मराठी-इंग्रजी एकत्र कानावर पडलं की मूल गोंधळतं, हेही खरं नाही. मुलं दोन्ही भाषा सहज वेगळ्या करतात.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. कार्डं दाखवून शब्द घोकून घेणं आणि पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ करणं वाईटच, मेसेजमधली ती ओळ बरोबर आहे. एकाच पानावर दहा नवे शब्द कोंबले तर मूल उठून जाणारच. पण दोष घोकंपट्टीचा आहे, शब्दाचा नाही. पुस्तकं महाग वाटत असतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत.

तो मेसेज तुमच्या ग्रुपवर पुन्हा आला, तर निदान कान तपासण्याचं तेवढं त्याखाली लिहा.