नवे स्पीकर शंभर तास ‘मुरवायची’ गरज नाही

नवे स्पीकर घेतले की एक सल्ला हमखास मिळतो : ‘आवाज अजून कोरा आहे. १०० ते २०० तास वाजवा, रात्रभर पिंक नॉइज (पावसासारखा एकसारखा खरखराट) लावून ठेवा, मग खुलेल. तोवर मत बनवू नका. केबलही मुरू द्या.’ देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण नुकसान घेणाऱ्याचं होतं.

यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. वूफर म्हणजे बास, अर्थात खालचे जाड सूर, काढणारा मोठा भाग. त्याच्या कोनला (हलणाऱ्या शंकूला) मागून सावरणारा स्पायडर म्हणजे रेझिन लावून कडक केलेलं कापड. कोन पहिल्यांदा जोरात हलला की त्याचा ताठरपणा जरा कमी होतो आणि वूफरची नैसर्गिक कंप्रता (ज्या सुराला तो आपोआप सर्वात सहज डोलतो) काही हर्ट्झ खाली येते. मात्र हे बहुतेक सगळं पहिल्या काही मिनिटांतच उरकतं. शिवाय स्पीकरच्या लहान बंद पेटीतली हवा स्वतःच स्प्रिंगसारखी वागते, आणि ती स्पायडरपेक्षा कडक असते. त्यामुळे कापड सैलावलं तरी ऐकताना फरक नाममात्र. सुटा वूफर आणून स्वतः पेटी बांधणाऱ्याने मोजमापाआधी तो जरूर हलवून घ्यावा. तयार स्पीकरला ते लागत नाही.

ट्विटरचा, म्हणजे उंच सूर काढणाऱ्या छोट्या भागाचा, डोम (घुमटासारखा पडदा) जेमतेम मिलिमीटरच्या अंशाइतका हलतो. केबलमध्ये तर हलणारं काहीच नाही.

‘पण मला फरक ऐकू आला!’ आला असेलच. महिनाभरात मेंदू त्या आवाजाला सरावतो, आणि महिन्यापूर्वीचा आवाज बारकाव्यांसह कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यात व्हॉल्यूम किंचित वाढवला तरी बास जास्त भरलेला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. आणि मला सर्वात खटकतं ते हे : कारण यांत्रिक असतं, तर काही स्पीकर मुरल्यावर बिघडलेही असते. तसं कुणी सांगत नाही.

आता हिशेब पाहा. रोज दोन तास ऐकलं तर २०० तासांना १०० दिवस लागतात. परत करायची मुदत तोवर कधीच संपलेली असते. रात्रभर मोठ्याने नॉइज लावली तर व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) तापून ट्विटर जळू शकतो, ते वेगळंच.

माझ्या स्पीकरचा बास पातळ होता. दुकानदार म्हणाला, शंभर तास थांबा. तीन आठवडे थांबलो. मग दिसलं, की एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या होत्या. एक कोन पुढे येताना दुसरा मागे जायचा आणि दोघांचा बास एकमेकांना खोडायचा. तारा सरळ जोडल्या, त्याच क्षणी बास आला.

म्हणून स्पीकर आणाल त्याच संध्याकाळी मोनोमध्ये (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) बातम्या लावा. निवेदकाचा आवाज बरोबर मधोमध यायला हवा. तो पसरट वाटला तर आधी तारा तपासा. मग स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, खुर्ची मागे-पुढे करून पाहा. १२ फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, आणि बसायची जागा बदलली की बास स्पष्ट बदलतो. एवढं करूनही आठवडाभरात आवाज पटला नाही, तर मुदतीत परत करा.