वकीलसाहेब, सरकारवरही खटला चालला होता

वकीलसाहेब, पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर केलेल्या १९५५च्या गोळीबारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'गुन्हा माणूस करतो, सरकार नव्हे. लॉच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं. तालुक्याच्या वाचनालयात बसून हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टासारखे निकाल देणारे दीडशहाणे गोव्यात फार झालेत.'

शीर्षक भडक होतं, मान्य. 'पोर्तुगीज सरकार गुन्हेगारच' यातला 'च' गाळला असता तरी चाललं असतं. पण वाचनालय मध्येच कुठून आलं? हो, बसतो मी डिचोलीच्या वाचनालयात. मुद्दा खोडायचा सोडून माणसाची बसायची जागा काढायची, ही कोर्टातली सवय असेल तुमची. आमच्याकडे त्याला उर्मटपणा म्हणतात.

राहिलं तुमचं ते एक वाक्य. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या १९४६च्या निकालात तसं म्हटलंय खरं : आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्धचे गुन्हे माणसं करतात, अमूर्त संस्था नव्हेत. एवढं वाचून तुम्ही पुस्तक मिटलंत बहुतेक. त्याच खटल्यात जर्मनीचं मंत्रिमंडळ संघटना म्हणून आरोपी होतं. नाझींचं सशस्त्र दल एसएस आणि गुप्त पोलीस गेस्टापो गुन्हेगार संघटना ठरल्या, मंत्रिमंडळ सुटलं. का? तर १९३७नंतर ते एक गट म्हणून वागतच नव्हतं, आणि माणसं इतकी थोडी की एकेकावर खटला भरणं सोपं. सरकारवर असा आरोप करताच येत नाही, असं काही न्यायाधीश म्हणाले नाहीत. पुढे १९७६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने राष्ट्राच्या 'आंतरराष्ट्रीय गुन्ह्या'चं कलम मसुद्यात घातलं आणि २००१मध्ये काढून टाकलं. ठरवून काढलेल्या गोष्टीला निसर्गनियम म्हणू नका. आणि २००७मध्ये काय झालं बघा. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साचा १९९५चा वंशसंहार सर्बियाने रोखला नाही, असं राष्ट्राराष्ट्रांतले दावे ऐकणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवलं, पण भरपाई म्हणून एक पैसाही द्यायला लावला नाही.

माझ्या काकांना पोर्तुगीजांच्या काळात एका चौकीत लाकडी पट्टीने तळहात फुटेपर्यंत मारलं होतं. पुढे जन्मभर त्यांना भात नीट कालवता येत नसे. मारणारा शिपाई इथलाच. मुक्तीनंतर बाजारात भेटायचा, काका त्याच्याशी बोलायचेसुद्धा. तुमच्या हिशेबाने गुन्हेगार तेवढा तोच. पट्टी, पगार आणि हुकूम कुणाचा होता, हे विचारायचं नाही? घरात हे पाहिलेल्या माणसाला तुम्ही पहिल्या वर्षाचा धडा देताय, साहेब.

हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर उभं आहे तो रोमचा करार २००२पासून लागू, मागच्या तारखेने चालत नाही, भारत त्यात नाही, वगैरे तुम्ही बरंच लिहिलंय. ते असो. १९५५च्या गोळीबाराचा खटला उद्या हेगला लावा, असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. 'दीडशहाणे' एवढा शब्द मात्र गाळलाय. तो परत हवा असेल तर खऱ्या नावाने लिहा, ठेवतो.