रेट कट झाला की सेन्सेक्स वर? जरा तारखा काढून बघा

आमच्या सकाळच्या डोंबिवली फास्टच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, अगदी गणपती मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "आरबीआयने रेपो कमी केला की मार्केट वर जातंच, वाढवला की पडतंच. म्हणून पॉलिसीच्या आदल्या दिवशी बँकांचे शेअर उचला. सगळं मार्केट आरबीआयच्या हातात आहे. एफडीत आता काही राहिलं नाही, मोडा आणि शेअरमध्ये टाका." (रेपो म्हणजे आरबीआय बँकांना ज्या व्याजाने थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, पॉलिसी म्हणजे तो दर जाहीर करायचा दिवस, आणि सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा.)

मी एवढं सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या विंगमध्ये बेस्टमधून रिटायर झालेले एक काका आहेत, ते परवा रात्री साडेनऊला वर आले, हातात प्लास्टिकच्या पाकिटात एफडीची पावती, आणि मला विचारतात, "अरे, हे आलंय बघ मोबाईलवर, मोडू का मग?" अशा माणसापर्यंत हा मेसेज पोचतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कमी केला की वर जातंच." ७ फेब्रुवारी २०२५ बघा. जवळपास पाच वर्षांनंतरचा पहिला कट, रेपो साडेसहावरून सव्वासहा टक्के. सेन्सेक्स त्या दिवशी १९७ अंक खाली बंद झाला, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत ७३,२०० च्या खाली गेला होता. ९ एप्रिलला दुसरा कट, सव्वासहावरून सहा, त्या दिवशी पण साधारण ३८० अंक खाली, कारण नेमके त्याच दिवशी ट्रम्पचे टॅरिफ, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्या मालावरचे जादा कर, लागू होत होते आणि जगभरचे बाजार धास्तावलेले होते, तिथे आपल्या पाव टक्क्याला कोण विचारतो. मग ६ जून, सहावरून एकदम साडेपाच, आणि तेव्हा मात्र साडेसातशेच्या आसपास अंक वर. आता तिन्ही वेळा कटच होता ना? मग फरक कुठे पडला?

फरक अपेक्षेत पडला. फेब्रुवारीत पाव टक्का मिळणार हे बहुतेक सगळे धरूनच चालले होते. जूनमध्येही लोक पाव टक्क्याचीच वाट बघत होते, हातात पडला अर्धा, आणि वर सीआरआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना आरबीआयकडे बिनव्याजी ठेवावा लागतो, तो चारवरून तीन टक्क्यांवर आणायची घोषणा, चार टप्प्यांत, त्यातून बँकांकडे साधारण अडीच लाख कोटी मोकळे होणार. हे कोणी धरलेलं नव्हतं. दसऱ्याला झेंडू लागतो हे दादरच्या फुलमार्केटमध्ये सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून भाव दसऱ्याच्या सकाळी नाही चढत, दोन दिवस आधीच चढलेला असतो, आणि माल अंदाजापेक्षा जास्त उतरला तर दसऱ्याच्या दुपारी तोच झेंडू मातीमोल जातो. शेअरचं पण तेच आहे. सगळ्यांना माहीत असलेली बातमी भावात आधीच बसलेली असते, किंमत हलते ती अंदाज चुकला की.

"वाढवला की पडतंच." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण याच्या उलट पुरावा अगदी ताजा आहे आणि लोक तो विसरले. ४ मे २०२२, बुधवार, एलआयसीचा आयपीओ, म्हणजे तिचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकायला काढणं, त्याच दिवशी उघडला होता, सगळं लक्ष तिकडे, आणि दुपारी दोनला आरबीआयचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक समोर आले, मीटिंग ठरलेली नव्हती, आणि रेपो ४ वरून ४.४० केला. सेन्सेक्स १,३०७ अंक कोसळला. आता त्याच वर्षी ३० सप्टेंबर. वाढ किती, तर अर्धा टक्का, म्हणजे मे पेक्षा मोठी, ५.४० वरून ५.९०. सेन्सेक्स १,०१७ अंक वर! त्याआधी सलग सात दिवस मार्केट पडत होतं, भीती खाऊन झाली होती, आरबीआयने जे बोलणं अपेक्षित होतं तेच बोललं, लोकांचा जीव भांड्यात पडला आणि खरेदी आली. छोट्या वाढीला आपटी आणि मोठ्या वाढीला उसळी, मेसेजवाल्याच्या गणितात हे बसवून दाखवा.

लांबचं बघायचं तर मार्च २००४ मध्ये रेपो ६ टक्के होता, मार्च २००७ ला पावणेआठ, आणि या काळात सेन्सेक्स साडेपाच हजारांच्या आसपासून निघून २००७ संपताना वीस हजारांच्या वर. दर चढत होते कारण धंदे जोरात चालले होते, कंपन्यांचा नफा वाढत होता, कर्जाला मागणी होती. आणि फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं रेपो साडेसहावरच, एक पैसा हलला नाही, तरी सेन्सेक्स साठ हजार सहाशेच्या आसपासून सप्टेंबर २०२४ मध्ये ८५,८०० च्या वर बंद झाला. दर हललाच नाही तर मग एवढं वर नेलं कोणी?

"आदल्या दिवशी बँकांचे शेअर उचला." इथे सरळ नुकसान व्हायची शक्यता आहे म्हणून नीट वाचा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन, म्हणजे ज्याचा दर बदलत राहतो ते, बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला, जोडावं लागतं, बहुतेकांनी रेपोलाच जोडलंय. रेपो पाव टक्का उतरला की तीन महिन्यांच्या आत तुमच्या माझ्या लोनचा दर पाव टक्का उतरतो. पण बँकेने एफडीवाल्यांना दिलेला दर? तो मुदत संपेपर्यंत तसाच, कमी करता येत नाही. म्हणजे येणारं व्याज लगेच कमी, द्यायचं व्याज मात्र जुन्याच दराने, मधला मार्जिन काही महिने दाबला जातो. पुढे जुन्या एफडी संपल्या, कर्जं वाढली, की बँकांना फायदा होतोही, पण तो एका रात्रीत होत नाही.

"मार्केट आरबीआयच्या हातात." आता यात काही खरं आहे ते मान्य करतो. व्याजदराचा शेअरवर परिणाम होतोच, आणि तो कसा होतो हे कळलं की उगाच टाळ्या वाजवायची गरज राहत नाही. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत, म्हणजे आज किती ठेवले तर व्याजासकट तेव्हा १०० होतील, ती ७ टक्क्यांनी काढली तर साधारण ५१ येते, ६ टक्क्यांनी काढली तर ५६. म्हणून ज्या कंपनीचा नफा लांब भविष्यात आहे तिला दर उतरल्याचा फायदा जास्त. दुसरं, ४० लाखांचं वीस वर्षांचं लोन साडेआठवरून सव्वाआठवर आलं तर ईएमआय महिन्याला सव्वासहाशेच्या वर वाचतो, तो पैसा कुठेतरी खर्च होतो, कोणाची तरी विक्री वाढते. पण हे मुरायला महिने लागतात.

आणि दर का उतरतोय हे बघितलंच पाहिजे. २० ऑक्टोबर २००८ ला आरबीआयने रेपो एका फटक्यात एक टक्का कापला, ९ वरून ८, आणि आठवड्याच्या आत २७ तारखेला सेन्सेक्स दिवसात ७,७०० च्या खाली जाऊन आला. नंतर कापत कापत एप्रिल २००९ पर्यंत रेपो पावणेपाचवर आणला, मार्च २००९ च्या सुरुवातीलासुद्धा सेन्सेक्स आठ हजारांच्या आसपासच रेंगाळत होता. घरात आजारपण आलंय म्हणून औषध आणलं, तर औषध आणल्याचा आनंद करायचा की आजाराकडे बघायचं? शिवाय मिंट रोडवरून, म्हणजे आरबीआयच्या दारातून, दलाल स्ट्रीटला, म्हणजे शेअर बाजारात, चालत दहा मिनिटं लागतात पण पैसा वॉशिंग्टनकडे बघून पण हलतो, अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेने, २०२२ च्या मार्चपासून जुलै २०२३ पर्यंत दर शून्याच्या जवळून सव्वापाच ते साडेपाचवर नेले, तेव्हा तिकडेच घरबसल्या चांगलं व्याज मिळतंय म्हटल्यावर परदेशी फंडांना इथली जोखीम घ्यायचं आकर्षण कमी होतं.

"एफडी मोडा." हे तर अगदी उलटं सांगितलंय. दर उतरायला लागले की नव्या एफडीचा दर कमी होतो, जुनीचा नाही. काकांची एफडी २०२३ ची आहे, सिनिअर सिटिझनच्या दराने, पावणेआठ टक्के, पावतीवर छापलेलंय. आज तेवढाच दर शोधायला गेलात तर सहज मिळत नाही. मोडली तर बँक जेवढे दिवस ठेवली त्या मुदतीचा दर लावणार आणि त्यातून दंड म्हणून बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का कापणार. मी त्यांना कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. त्यातल्या पैशातून पुढच्या वर्षी बाथरूमची गळती आणि काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय असं त्यांनीच सांगितलं. पावती पाकिटात परत गेली.