नावाचा रकाना कोरा

मुलीचे कागद घेऊन इथल्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात गेलो तेव्हा ती सहा दिवसांची होती. जर्मनीत जन्माची खबर आठवड्याच्या आत द्यावी लागते. जन्म दवाखान्यात झाला असेल तर खबर दवाखानाच देतो, आईबापानं फक्त कागद नेऊन द्यायचे. नागपूरला फोन लावला तर बाबा भडकलेच. "अजून रास नाही काढली, बारसं नाही झालं, अन्‌ तू नाव देऊन आला?" नाव महिनाभरात दिलं तरी चालतं, हे मला नंतर कळलं. बाबांना ते मी अजूनही सांगितलेलं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लागतं. मी हौसेनं तसंच लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी ती तिन्ही मुलीचीच नावं धरली आणि त्यातलं एक पुरुषाचं कसं, असं विचारलं. बायको म्हणाली, राहू द्या. राहू दिलं.

खरी अडचण माझ्या कागदात निघाली. बाळाच्या नोंदीसाठी आईबापाचे जन्मदाखलेही लागतात. माझा जन्म १९८८ चा, डागा हॉस्पिटलमधला. दाखल्यावर तारीख आहे, आईबाबांची नावं आहेत, 'पुरुष' असंही लिहिलंय, पण नावाचा रकाना कोरा. चूक कुणाची नव्हती. नाव नंतर लिहून घ्यायचं असतं, आणि ते 'नंतर' आमच्या घरी कधी उजाडलंच नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, या दोघांना मुलगा झाला एवढं यावरून कळतं, तो मुलगा तुम्हीच हे कशावरून?

उत्तर नव्हतं. त्यात भारत २००५ साली अपॉस्टील करारात, म्हणजे एकमेकांच्या देशातले कागद एका शिक्क्यावर खरे मानायच्या करारात, गेला तरी जर्मनीनं त्यावर आक्षेप घेतला, म्हणून आपल्या दाखल्यावरचा तो शिक्का इथे चालत नाही. जर्मन वकिलातीनं नेमलेला वकील गावी जाऊन मूळ नोंदवही पाहतो, पैसे आपण भरायचे, महिने मोजायचे. शेवटी बाबा माझी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला घेऊन उन्हातान्हात तिथल्या नोंदणी कार्यालयात गेले. नाव लिहायची १५ वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती, पण जुन्या नोंदींना सरकार अधूनमधून मुदतवाढ देतं, त्यात आमचं काम निघालं.

हे सगळं चालू असताना घरच्या ग्रुपवर वेगळाच गोंधळ होता. वर्ष उलटल्यावर जन्माची नोंद करायची तर पूर्वी कोर्टाचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनं ते काम महसुलाकडे आलं. मग मालेगावपासून अकोला-अमरावतीपर्यंत बांगलादेशींना खोटे दाखले मिळाल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं असे उशिराचे दाखले देणं थांबवलं, चौकशीला एसआयटी नेमली आणि मार्चमध्ये कडक नियम आणले. महसूलमंत्री बावनकुळे आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे ग्रुपवर जोर जास्त. काकांनी लिहिलं, "जर्मनीवाल्याला विचारा, तिकडे असे लाड चालतात का?"

विचारलंच आहे तर सांगतो. लाड नाहीत चालत. पण माझे कागद अपुरे म्हणून पोरीची नोंद अडली नाही. दाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा मिळाला, त्यावर शेरा: वडिलांच्या नावाची आणि ओळखीची खात्री पटलेली नाही. वाचून लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण महिन्याचे २५५ युरो बालभत्ता त्याच कागदावर सुरू झाला. शंका बापावर होती, ती बापाच्याच नावापुढे लिहिली. सगळ्यांनाच असं नशीब मिळत नाही. युद्धातून पळून आलेल्यांच्या बाळांची नोंद इथेही महिनोन्‌महिने लटकते, तेव्हा हा स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही.

खोटा दाखला देणारा आणि घेणारा, दोघांवर गुन्हा दाखल व्हावा, यात माझं दुमत नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक कागद लागणार आहे. मेळघाटात किंवा भामरागडात घरीच बाळंत झालेल्या बाईच्या लेकराची नोंद २१ दिवसांत झाली नाही, तर चौकशी तिची व्हायला हवी की जन्माची खबर ज्यानं न्यायची त्याची? उशीर झाला की माणूस लबाड, असं धरून चाललं तर खरे लबाड सुटतील, कारण त्यांचे कागद नेहमी वेळेवर असतात. कोरा रकाना माझ्यासारख्याचाच निघतो.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं आणि खाली सहज विचारलं, बाबा, तुमचा जन्मदाखला कुठाय?

बाबा उमरेड तालुक्यातल्या खेड्यात जन्मले, घरीच, पेरणीच्या दिवसांत. शाळेत घालताना मास्तरांनी १ जुलै लिहिलं, तोच वाढदिवस आम्ही आजवर करत आलो. दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्यांचं उत्तर नव्हतं. मग फोन आला.

"कोतवाल बुकात, गावच्या त्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, असंन पाह्य. पण ते तहसिलीत जाऊन शोधा लागते," बाबा म्हणाले. "अन्‌ त्यात नावाचा रकानाच नसते म्हणतात."