बेकार, पण करपात्र

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून मला बरीच वर्षं झाली, पण ओळखीतल्या एकाचीही नोकरी गेल्याचं ऐकलेलं नाही. सगळे 'जरा ब्रेक' घेतात. म्हणून मीही ब्रेक घेतला, म्हणजे कंपनीने दिला.

ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे बेकारी भत्त्याला मी पात्र होतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्याला सहसा ही चैन नसते, त्याला फार तर ६० दिवसांत नवी कंपनी, नाहीतर विमान. तरी अर्ज भरायला हात धजेना. सांगलीत वाढलेल्या माणसाला सरकारचं फुकट काही घ्यायचं म्हणजे रेशनच्या रांगेत शाळेतले सर भेटल्यासारखं वाटतं. बायकोने माझी जुनी पगाराची स्लिप पुढ्यात टाकली. "हे बघ, दर वेळी कापलेत." खरंच होतं. बाकी राज्यांत या बेकारी विम्याचा हप्ता कंपनीच भरते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीनच ठिकाणी नोकरदाराच्याही खिशातून जातो. आपलेच पैसे म्हटल्यावर माझा स्वाभिमान लगेच वाटाघाटीला बसला.

हिशेब असा: आधीच्या सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के, पण २०२५ मध्ये कमाल ८७५ डॉलर, आणि जास्तीत जास्त २६ आठवडे. त्यासाठी दर आठवड्याला प्रश्नांची उत्तरं द्यायची. खोटं बोललात तर गुन्हा, ही तंबी सोबत.

कामासाठी सक्षम आणि उपलब्ध होता का? हो. काम शोधत होता का? हो. देऊ केलेलं काम नाकारलंत का? इथे मी थबकलो, कारण मागे बायको उभी होती आणि ती गॅरेजकडे बघत होती. काम केलंत का? त्या आठवड्यात मंडळाच्या गणपतीची आरास झाली होती, मखराचा पुठ्ठ्याचा कळस माझ्याच हातचा. पैसे नाहीत मिळाले, पण डबाभर उकडीचे मोदक घरी आले. हे मानधन धरायचं का, आणि धरलं तर भत्त्यातून मोदक कोणत्या भावाने वजा होतात, यावर रात्री उशिरापर्यंत खल चालला. शेवटी 'नाही'वर क्लिक केलं. तोवर मोदक संपले होते, म्हणजे पुरावाही नव्हता.

टॅक्स ही पुढची गंमत. १९८६ च्या कर-सुधारणा कायद्याने हा भत्ता पुरता करपात्र केला. करोनाच्या २०२० सालापुरते तेवढे पहिले १०,२०० डॉलर माफ होते, तेही उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल तर. न्यू जर्सी राज्य भत्त्यावर एक सेंटही घेत नाही, घेतं ते वॉशिंग्टनचं केंद्र सरकार. कर आधीच कापून हवा का, असं विचारतात. हवा असेल तर १० टक्के. नऊ नाही, अकरा नाही. आम्ही हो म्हटलं आणि ८७५ चे ७८७ डॉलर ५० सेंट झाले. पण बायकोची नोकरी चालू, रिटर्न जोडीने भरायचं. तिच्या पगाराच्या डोक्यावर माझा भत्ता जाऊन बसला तो थेट २२ टक्क्यांच्या पायरीवर. जानेवारीत भत्त्याचा हिशेब दाखवणारा १०९९-जी हा फॉर्म आला, एप्रिलमध्ये उरलेले १२ टक्के गेले. घरात ती पगाराचा टॅक्स भरते, मी पगार नसल्याचा.

टॅक्सची कपात सुरू झाली तेव्हाच बाबांना फोनवर सांगून टाकलं होतं. बाबा बँकेतून निवृत्त.

"दर आठवड्याला जमा होतात?"

"हो."

"सरकारच करतं? टॅक्स कापून?"

"हो."

"मग झालं तर!" बाबांचा आवाज एकदम मोकळा झाला. मला वाटलं, समजूत पटली.

पुढच्या रविवारी कॉलनीतल्या काकांचा व्हॉट्सॲप कॉल. "अभिनंदन रे! सरकारी नोकरी लागली म्हणे तुला, तीही अमेरिकेत. आमच्या धाकट्याचं बघ ना तिथे काही जमतंय का."

"बघतो काका," मी म्हटलं, "पण त्याला आधी इथे नोकरी लागायला हवी, आणि मग ती जायला हवी."