‘४०७० म्हणजे ४०७०च’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गेमिंग लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मी वॅटचा, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते याचा, उगाच बाऊ करतो, ४०७० (एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड) हा कुठल्याही लॅपटॉपात ४०७०च, त्यामुळे मुलीसाठी ४०६० या खालच्या कार्डाच्या लॅपटॉपपेक्षा पंचवीस हजार जास्त मोजून पातळ लॅपटॉपातला ४०७० घेणंच योग्य, आणि ‘८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) कमी पडते’ ही नुसती भीती आहे.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ‘जितके वॅट जास्त तितका लॅपटॉप चांगला’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते लेखात दुरुस्त केलं आहे. लॅपटॉपमधल्या ४०६० आणि ४०७० यांना व्होल्टेजची मर्यादा आहे. साधारण १०० वॅटच्या आसपास पोचल्यावर बहुतेक गेममध्ये त्या आणखी वीज ओढतच नाहीत. त्यामुळे १०५ वॅटच्या आणि १४० वॅटच्या ४०६० मध्ये खेळताना फारसा फरक दिसत नाही. शिवाय १४० हा आकडा बहुधा ११५ अधिक डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरच्या वाट्यातून कार्डाला तात्पुरती मिळणारी वीज) २५ अशी बेरीज असतो. एक कंपनी बेरीज छापते, दुसरी फक्त मूळ आकडा, आणि तुलना तिथेच फसते.

पण खालच्या टोकाला हिशोब पार बदलतो. एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या ४०७० ला ३५ ते ११५ वॅट एवढी मोकळी रेंज दिली आहे. पातळ बॉडीत हीटपाइप आणि पंख्यांना जागा कमी, म्हणून कंपनी कार्ड ६० वॅटवर बांधून ठेवते. मोठी चिप कमी विजेत जास्त काम करते हे खरं, म्हणून ६० वॅटचा ४०७० हा ६० वॅटच्या ४०६० पेक्षा नक्कीच सरस. तुमच्यापुढचा पर्याय मात्र १०० वॅटच्या पुढे जाणारा ४०६० आहे. तिथे दोघं जवळजवळ एका रांगेत येतात, आणि पंचवीस हजार फक्त नावाचे जातात.

तसं पाहिलं तर ‘४०७०’ हे नावच दोन वेगळ्या वस्तूंना दिलेलं आहे. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कुडा कोअर (कार्डातले आकडेमोड करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी आणि २०० वॅट. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. चिपसुद्धा वेगळी. डेस्कटॉपचे व्हिडिओ पाहून लॅपटॉपकडून तेवढ्या एफपीएसची (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली.

आता व्हीरॅम. इथे मी माझ्या मतावर ठाम आहे, कारण ४०६० आणि ४०७० दोन्हींत ती ८ जीबीच आहे. म्हणजे जास्तीच्या पैशांत मेमरी एक जीबीही वाढत नाही. मेमरी भरली की टेक्स्चर (खेळातल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये ढकलली जातात, तिथून पीसीआयई या कार्डाला जोडणाऱ्या मार्गाने परत आणायला वेळ लागतो, आणि सरासरी एफपीएस ठीक दिसत असतानाही खेळ अडखळतो. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणं) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच तयार करणं) स्वतःच मेमरी खातात, म्हणजे ज्या सोयींसाठी वरचं कार्ड घ्यायचं त्याच आधी बंद कराव्या लागतात. खात्री करायची असेल तर टेक्स्चरची सेटिंग फक्त एक पायरी खाली आणा. सरासरी तेवढीच राहिली आणि अडखळणं थांबलं, तर दोष मेमरीचाच. व्हॅलोरंट किंवा सीएस २ असे हलके गेमच खेळायचे असतील तर ८ जीबी पुरून उरते. ती तुमची बाजू मान्य. मोठे नवे गेम हाय टेक्स्चरवर, २५६० × १६०० च्या पडद्यावर खेळायचे असतील तर १२ जीबीचं कार्ड बघा: ४०८० किंवा ५०७० टीआय.

दुकानात तपासायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. चार्जर लावा, बॅटरीवर कार्ड मुद्दाम कमी वीज घेतं. लॅपटॉपच्या स्वतःच्या ॲपमध्ये टर्बो किंवा परफॉर्मन्स मोड निवडा. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’चा आकडा वाचा. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. दोनपैकी एकच भरलेला असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच मार्गाने, चालते आणि एफपीएस घटतो. त्याच क्षमतेची दुसरी पट्टी टाकली की काम होतं. मक्स स्विच (कार्ड थेट पडद्याला जोडणारी सोय) आहे का हेही विचारा. नसेल तर प्रत्येक फ्रेम प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधून फिरून पडद्यावर येते, आणि वेगवान गेममध्ये ते जाणवतं.

तुम्ही नागपूरचे, म्हणून एक जादा गोष्ट. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर पंख्यांना थंड हवा मिळणार कुठून? कार्ड ८७ अंशांच्या आसपास गेलं की स्वतःच वेग कमी करतं, आणि पातळ बॉडी तिथे लवकर पोचते. गादीवर ठेवून खेळू देऊ नका. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलली तरी फरक पडतो.

लॅपटॉप कुठलाही घ्या, पण परत करण्याची मुदत संपायच्या आत एक जड गेम सलग अर्धा तास चालवा. एनव्हिडिया ॲप टाकून ‘ऑल्ट’ आणि ‘आर’ दाबलं की कोपऱ्यात आकडे दिसतात. पहिल्या मिनिटाला आणि पंचविसाव्या मिनिटाला, खेळातल्या त्याच जागी उभं राहून, जीपीयूचे वॅट लिहून ठेवा. १०० चे ७० झाले असतील तर कूलिंग अपुरं आहे. तो लॅपटॉप परत करा.